चिमणी उतरवली तो उन्हाळा

चौदा एप्रिलची जयंती आटोपली आणि आम्ही बडनेऱ्याची खोली बंद करून अकोल्याला आलो, ते कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगात राहायला. बाबा गवंडी होते. जिनिंग घेणाऱ्या संस्थेला तिथं मुलींचं वसतिगृह करायचं होतं आणि भिंती घालायचं, गिलाव्याचं, खड्डे बुजवायचं काम बाबांना मिळालं होतं. सोबत माझा मामा. मी सातवी पास झाले होते. पुढं काय, याचा विचार घरात कोणी मोठ्यानं करत नव्हतं. माय म्हणाली, उन्हाळाभर सगळेच जाऊ, त्यांच्या पोटाकडं कोण पाहील? म्हणून एक लोखंडी पेटी, दोन गोधड्या, ज्वारीचं पोतं आणि पाटा-वरवंटा घेऊन आम्ही पॅसेंजरनं उतरलो आणि रुळाच्या कडेकडेनं चालत फाटकाशी पोचलो. वरवंटा माझ्या डोक्यावर होता. रुळावरची गिट्टी इतकी तापली होती की चपलेतूनही चटका लागायचा.

फाटकाजवळची चौकीदाराची खोली आम्हाला राहायला मिळाली. समोर मोठं आवार, त्यात एका ओळीत सरकीच्या कोठड्या, मग रुई-सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचा लांबच लांब हॉल, पलीकडं गठाणी बांधायच्या प्रेसची उंच इमारत, आणि अगदी रुळाच्या अंगाला बॉयलरचं घर आणि चिमणी. मशिनी केव्हाच भंगारात गेल्या होत्या. राहिले होते फक्त जमिनीतले चौकोनी खड्डे आणि तुळयांवर बसलेली रुईची पुटं. वारा आला की ती पुटं सुटून हॉलमध्ये तरंगत राहायची आणि मायच्या कणकेत येऊन पडायची. दुपारी टिनाचे पत्रे तापून ताड ताड वाजायचे. मालगाडी गेली की खोलीतली भांडी आपोआप एकमेकांना लागायची. पहिले दोन दिवस मी प्रत्येक गाडीला उठून उभी राहायची. मग सवय झाली. चिमणीची मात्र कधीच झाली नाही.

ती गोल होती, लाल विटांची, वर निमुळती होत गेलेली. बाहेरच्या अंगानं लोखंडाच्या कड्या बसवलेल्या, चढून जाण्यासाठी. खाली उभं राहून वर पाहिलं आणि मागून ढग सरकत असला, की ती आपल्याच अंगावर येतेय असं वाटायचं. तिचं डोकं खरोखरच जरासं रुळाकडं कललेलं होतं. बाबांनी ओळंबा धरून पाहिला आणि गुंडाळून ठेवला. रुळाच्या इतक्या जवळ असल्यामुळं ती एकदम पाडता येणार नव्हती. वरून एकेक वीट काढतच उतरवावी लागणार होती. त्या कामासाठी नागपूरहून एक माणूस आला, त्यानं चिमणीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आमच्या खोलीपुढं बसून चहा प्याला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

संस्थेचं काम पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे भाऊसाहेब म्हणत. धोतर, कोट, हातात छत्री, बोलणं हळू. नागपूरचा माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "कितवीत आहेस वं, पोरी?"

"सातवी पास झाली."

"पुढं शिकाचं आहे का?"

मी मायकडं पाहिलं नाही, बाबांकडंही नाही. "हाव," म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की मलाच नवल वाटलं.

"मंग इथंच शिक. पहिली जागा तुही. राहा, जेव, काही पडणार नाही," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, बाबांकडं वळून म्हणाले, "चिमणीचं काही होते का पाहा. तुमीच पाहा."

ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली. त्यांचा एकमेकांशी संबंध होता की नव्हता, यावर मी आयुष्यात किती विचार केला असेल याला गणती नाही. बाबांनी मात्र तेव्हाच तो जोडला. "पाहतो," ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

चढायच्या पहिल्या दिवशी मायनं भल्या पहाटे बेसनाचं चून आणि भाकर केली, ठेचा वाटला, फडक्यात बांधून दिलं. ऊन बाधू नये म्हणून बाबांच्या खिशात कांदा घातला. बाबांनी कमरेला छन्नी-हातोडा खोचला, डोक्याला ओलं दुपट्टं बांधलं आणि पहिल्या कडीला हात घातला. मी हॉलच्या दाराशी उभी होते. ते मोठे होते, रुंद पाठीचे. विसाव्या कडीपर्यंत ते मोठेच राहिले, मग लहान होत गेले, आणि वर काठावर पोचले तेव्हा घोड्यावर बसावं तसे एक पाय आत, एक पाय बाहेर टाकून बसले. तिथून ते बाबा वाटत नव्हते. एक कपडा वाळत घातलाय असं वाटत होतं.

काम असं चालायचं. बाबा वर बसून चुन्याचा सांधा छन्नीनं फोडायचे, वीट सुटी करायचे आणि चिमणीच्या पोकळीत सोडून द्यायचे. ती आतल्या भिंतींना आपटत, घरंगळत खाली यायची आणि धप्प करून पडायची. बुडाशी, बॉयलरच्या घरातून धूर चिमणीत जायचा तिथं, एक कमानीचं तोंड होतं. बाबा खाली पाणी प्यायला उतरले की मामा त्या तोंडातून विटा ओढून काढायचा. वर काही सांगायचं असलं तरी तो त्या तोंडात डोकं घालून बोलायचा. बाहेरून ओरडलं तर वाऱ्यावर शब्द उडून जायचे, पण आतून साधं बोललेलंही वर ऐकू जायचं.

त्या विटांच्या आवाजाशी आमचं अख्खं घर बांधलं गेलं. माय चुलीशी बसून, चिमणीकडं पाठ करून, भाकरी थापायची. धप्प झालं की तिचा हात चालायचा. दोन विटांमध्ये जास्त वेळ गेला की हात परातीवरच थांबायचा. मी अंगणात भांडी घासत असले तर मीही थांबायची. आम्ही एकमेकींकडं पाहायचो नाही. मग वीट पडायची आणि दोघी परत कामाला लागायचो. मालगाडी आली की सगळ्यात वाईट. तिच्या खडखडाटात वीट ऐकू यायची नाही, आणि चिमणी तेवढा वेळ हलते हे मी हात लावून पाहिलेलं होतं. गाडीचे डबे संपतच नसत. आजही रेल्वेच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि मालगाडी जाऊ लागली, की मी श्वास धरून बसते. नातीला वाटतं आजीला धुराचा त्रास होतो.

मला स्वप्नं पडत नव्हती, कारण झोपच लागत नव्हती. भूक गेली. माय कैरीचं पन्हं करून द्यायची, ते तसंच राहायचं. एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची. मी "हाव" म्हटलं नसतं, तर? 'नाही' म्हटलं असतं तर भाऊसाहेब पाणी पिऊन निघून गेले असते आणि बाबा खाली खड्डे बुजवत राहिले असते. दहा-बारा दिवस मी हे एकटीनं वागवलं. चिमणी तेवढ्यात दोन-तीन माणसांच्या उंचीइतकीच कमी झाली होती. मग एका सकाळी, बाबा चहा पीत असताना, मी त्यांच्या समोर जाऊन बसले.

"बाबा, मले नाई शिकाचं."

त्यांनी कप खाली ठेवला. "कावून?"

"असंच. मायसोबत काम करतो. तुमी नका चढू आता."

मला वाटलं ते रागावतील. ते रागावले नाहीत. माझ्याकडं जरा वेळ पाहत राहिले, जशी काही मी कोणा दुसऱ्याचीच पोरगी होते. मग चहा अर्धा टाकून उठले, छन्नी घेतली आणि गेले. मायनं कप उचलला. फक्त म्हणाली, "पोटात काही न घेता गेला माणूस."

त्या दिवशी सकाळी विटा नेहमीसारख्या पडत होत्या. ऊन चढलं, तरी बाबा पाणी प्यायला उतरले नाहीत. दुपार कलायला लागली तशी रुळापलीकडच्या बाभळींच्या मागं आभाळ पिवळं झालं. हवा एकदम थांबली. हॉलमधली कबुतरं तुळयांवर गप्प बसली. वावधन येणार हे आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. मामानं कमानीच्या तोंडातून वर सांगितलं, "भाऊजी, उतरा. वारं येऊन राहिलं." नंतर एक वीट पडली. आणि मग काहीच नाही.

मायचा हात थांबला. माझा थांबला. बराच वेळ गेला. टिनाचा एक पत्रा कुठंतरी वाजला. माय उठली, पदर खोचला आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मान वर करून चिमणीकडं पाहिलं. बाबा काठावर बसलेले होते, पण सरळ नव्हते. पुढं वाकून दोन्ही हातांनी त्यांनी काठ कवटाळलेला होता.

मामा धावत आला. "कडी पडली," तो म्हणाला. "सगळ्यात वरची. त्याईच्या हातात आली अन् खाली पडली. म्या हाका मारल्या, ते बोलतच नाहीत." लोखंडाची ती कडी तारेच्या कुंपणाजवळ पडली होती. मामा स्वतः चढायला लागला. तिसाव्या कडीपाशी थांबला, तिथंच चिकटून राहिला आणि मग हळूहळू उतरून आला.  "ताई, माह्यानं नाही होत," म्हणाला आणि रडायला लागला. त्याला मी तेव्हा मनात शिव्या दिल्या. आता देत नाही. तिसाव्या कडीपर्यंत जायला कोण तयार होतं?

मायनं बॉयलरच्या घरात जाऊन त्या तोंडात शिरायचा प्रयत्न केला. सकाळपासूनच्या विटांचा ढीग तिथं साचलेला होता, कमानीत जेमतेम हातभर फट राहिली होती. तिचे खांदे अडकले. ती बाहेर आली, तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू जाशीन," म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

मी पोटावर सरपटत आत गेले. विटांच्या धारा कोपरांना लागत होत्या. आत काजळीचा जुना वास, भिंती काळ्या, हाताला पीठ लागावं तशी राख. ढिगावर उभी राहून मी वर पाहिलं. खूप दूर, परातीएवढं आभाळ, आणि त्यात लोंबकळणारा एक पाय. बाबांचा पाय. चप्पल नव्हती.

"बाबा," मी म्हणाले. आवाज माझा राहिलाच नाही. तो मोठा होऊन भिंतीभिंतीनं वर गेला.

"कोण हाय?"

"मी. बेबी."

"बाहेर नीघ तिथून. डोक्यावर काही पडन."

"मायनं धाडलं. तुमी कावून उतरत नाही?"

पाय जरासा हलला. थोडा चुना माझ्या तोंडावर आला. मग वरून आवाज आला, आणि तो ओरडलेला नव्हता. शेजारी बसून बोलावं तसा तो चिमणीनं माझ्या कानाशी आणून ठेवला.

"बेबी, मले भेव लागून राहिलं. हात सुटत नाही."

बापाच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. कुणाच्याच बापाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.  मी विटांवर गुडघे टेकले.

"रोज लागते का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"रोज. पह्यल्या दिसापासून."

"मले बी."

 वर वारा सुरू झाला होता. चिमणीच्या तोंडावरून तो जाताना आत घूं घूं असा आवाज यायला लागला. मग बाबांनी विचारलं, "सकाळी तू म्हटलं शिकाचं नाही. खरं होय का थे?"

"नाई. खोटं होय. तुमी चढू नये म्हणून म्हटलं."

"असं," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, कामावर असताना बोलत तसं कोरडं म्हणाले, "तुह्या मामाले इचार, खालची कडी माह्या पायापासून किती हाय. नीट पाहून सांग म्हणा. अंदाजानं नको."

मी कमानीकडं तोंड करून मायला सांगितलं. मायनं बाहेर मामाला. मामा मागं सरकत कुंपणापर्यंत गेला, जिथून बाबांचा बाहेरचा पाय दिसत होता. त्याचं उत्तर मायकडं, मायचं माझ्याकडं, माझं वर. "टाचेपासून दीड हात खाली. जराशी डाव्या अंगाले." "पोटावर पालथे व्हा म्हणते मामा." "आतला पाय वर घ्या."

आतला पाय वर गेला. त्या परातीएवढ्या आभाळातून तो निघून गेला आणि तिथं काहीच उरलं नाही. आता मला काही दिसत नव्हतं. आभाळ पिवळं, मग मातकट झालं. काठाचा चुना माझ्यावर झरत होता. आत फक्त वाऱ्याचं घुमणं. मी "बाबा" म्हणाले, उत्तर नाही. "माय" म्हणाले, तीही बोलेना. इतकी भीती मला पुढं कधीच वाटली नाही. दोन बाळंतपणं झाली, हे गेले, माझं स्वतःचं ऑपरेशन झालं, तरी नाही. मी कानांवर हात ठेवले, कारण मला माहीत होतं की आता एक आवाज होईल आणि तो विटेचा नसेल.

"धरली," मायचा आवाज आला. "बेबी, कडी धरली त्याईनं. नीघ बाहेर."

मी बाहेर आले तेव्हा बाबा अर्ध्यावर होते आणि वावधन आवारात शिरलं होतं. धूळ इतकी की ते मधूनच दिसायचे, मधूनच नाहीसे व्हायचे. शेवटच्या कडीवर आल्यावरही त्यांचे हात सुटेनात. पाय जमिनीला लागलेले, आणि मुठी लोखंडाभोवती. मायनं एकेक बोट उलगडलं, आधी उजव्या हाताचं, मग डाव्या. आम्ही हॉलमध्ये पळालो. बाहेर पत्रे उडत होते. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. माझं तोंड काजळीनं काळं झालेलं पाहून त्यांनी दुपट्ट्यानं ते पुसायचा प्रयत्न केला, तर ते अजूनच पसरलं.

"भेलो होतो," ते मामाला म्हणाले. अगदी साधं, पाणी दे म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी माय एकटी भाऊसाहेबांकडं गेली. मी मागोमाग गेले, तिनं परत पाठवलं नाही. व्हरांड्यात उभी राहून ती म्हणाली, "भाऊसाहेब, माहा माणूस चिमणीवर चढणार नाही. पोरीले जागा द्या का नका देऊ."

भाऊसाहेब छत्रीच्या मुठीकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, जागा तर दिलेली आहे. ती चिमणीच्या बदल्यात होती, असं कोणी सांगितलं तुमाले?"

मायनं हात जोडले आणि ती निघाली. परत येताना रस्त्यात मात्र उन्हातच उभी राहिली, पदर तोंडाला लावून. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. भाऊसाहेबांच्या मनात पहिल्यापासून तसंच होतं, की मायचं तोंड पाहून त्यांनी ते तिथल्या तिथं ठरवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. ते वारले तेव्हा मी नोकरीत होते. विचारायचं राहून गेलं.

बाबा दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातून जाड दोर आणला. माय भांडायला उठली, तेव्हा म्हणाले, "वरचा भाग म्या अर्धा सुटा करून ठेवला हाय. पावसात पडन तो. खाली आता लेकरं राहतीन." मग तिनं दोराची गाठ स्वतः बांधली, दोनदा ओढून पाहिली. त्या दिवसापासून बाबा दोर कड्यांना अडकवत चढायचे, आणि वर पोचले की मामाला पोकळीतून सांगायचे, "पोचलो. भेव लागून राहिलं. विटा सोडतो." मामा म्हणायचा, "हाव भाऊजी, सोडा." हे रोज. माझी भीती काही कमी झाली नाही. उलट आता ती बाबांचीही आहे हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच लागायची. पण मी जेवायला लागले. चिमणी रोज थोडी थोडी बुटकी होत गेली. ढग आले, आवारातली धूळ बसली, आणि एक दिवस बाबा काठावर उभे असताना त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम मला खालून दिसला. मायनं त्या दिवशी पातोडीची भाजी केली.

शाळा उघडली तेव्हा रेच्यांच्या हॉलमध्ये पांढऱ्या भिंती झाल्या होत्या आणि दोन ओळींत लोखंडी खाटा. गेल्या वर्षी मी तिथं जाऊन आले. आता तिथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, काचेचे दरवाजे, थंड हवा, कानात काहीबाही घालून वाचणारी मुलं-मुली. गाडी गेली तरी एकानंही मान वर केली नाही.

मला सोडून ज्या दिवशी घरचे बडनेऱ्याला परत निघाले, त्या दिवशी बाबा म्हणाले, "गाडी इथूनच जाईन. खिडकीत उभी राह्यजो. मी दारात उभा राहीन." मी तासभर आधीपासून खिडकीचे गज धरून उभी होते. पॅसेंजर आली, अजून वेग घेत होती. दारांत माणसं लोंबत होती, काही जण उगीचच हात हलवत होते, मी सगळ्यांनाच हात हलवला. बाबा दिसले नाहीत. शेवटचा डबा गेला. मी खाटेवर जाऊन पडले आणि रात्रीच्या जेवणाची घंटा होईस्तोवर उठले नाही.

महिन्यानं ते भेटायला आले, मायनं दिलेल्या कुरड्या घेऊन. मी पहिल्यांदा तेच बोलले. "तुमी दारात नव्हते."

"होतो ना. तुले पाह्यलं म्या. हिरवा फराक घातला होता तू."

"मंग हात कावून नाही हलवला?"

"कसा हलवू वं," बाबा म्हणाले. "गाडी जोरात होती. दोन्ही हातानं दांडा धरला होता."